चौथा ठोका

कसंतीना, २ एप्रिल

भाऊ मख्लूफ,

ज्याच्या हुकमाशिवाय पान हलत नाही त्याच्या नावानं लिहायला बसलो आहे.

सहा वर्षं मी तुला लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस. फिटंफाट झाली असं समज आणि पुढे वाच. घरात कुणी आजारी नाही, मागणंही काही नाही. पाखराबद्दल विचारायचं आहे.

शेख अजून आहे. बाबांचा गाणारा मक्नीन. ज्याच्यावरून आपलं बोलणं थांबलं, तोच. तू त्याला कधीच मेला असं धरून चालला असशील. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. तोंडावरचा लाल रंग जुन्या विटेसारखा विटलाय, पंखांवरची पिवळी पट्टी तेवढी होती तशी आहे. सकाळी मी दुकान उघडतो, पिंजऱ्यावरचं फडकं काढतो, आणि तो गातो. शेवटाला बाबांचा हातोडा येतो. भांड्याला आकार कसा द्यावा या विचारात बाबा बसले की रिकाम्या ऐरणीवर हातोडा वाजवत राहायचे ना, तो. तीन ठोके, मग थांबणं, मग चौथा. शेखला हे कुणी शिकवलं नाही. त्याचा पिंजरा बाबांच्या डोक्यावर टांगलेला असायचा. त्यानं ऐकलं आणि ठेवून घेतलं.

तुझा खमीसी अजून तसाच आहे. तांबट आळीच्या तोंडाशी त्याचा कहवाखाना, आणि कहवाखान्यात तेच लोक. शेख गायला की तो ओरडतो, "सी ताहर, पाखरू लाख मोलाचं होतं हो, पण गळ्यात तांबट शिरला!" सगळे हसतात. त्यांच्या लेखी हातोड्याचा ठोका म्हणजे गाण्यातला डाग. मी कॉफी पितो.

बाबांचा आवाज मला आता नीट आठवत नाही. हे तुला सांगायला हरकत नाही. पण त्यांच्या हाताचा आवाज मी रोज ऐकतो, आणि तोही आता अर्धा राहिलाय. गेल्या हिवाळ्यापासून शेख तीन ठोक्यांवरच थांबतो. चौथ्यापर्यंत दम पुरत नाही. म्हणतात की समोर शिकणारं पिल्लू टांगलं तर म्हातारं पाखरू गाणं पुरं करतं. खरं असेल तर एकच उपाय आहे. पूर्वी जंगलातून धरलेलं पिल्लू मिळायचं. आता जंगलात मक्नीन दिसत नाही आणि धरायला बंदी आहे. म्हणून खमीसीकडून मादी घेतली आणि घरीच जोडी लावली. काल तिनं पाचवं अंडं घातलं.

पाखरांचं सगळं तूच बघायचास. मी गावाकडे आजोबांजवळ, मदरशात. सुट्टीपुरता शहरात यायचो. मला सांग, पिल्लाच्या पायात पक्षीपालक मंडळाची कडी केव्हा घालायची आणि कशी? कडी नसेल तर वनखात्याचे लोक पाखरू जंगलातलं समजून उचलून नेतात. इथे प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. तुझा हात चांगला होता. दोन ओळी लिही. ख्यालीखुशाली नको.

तुझा भाऊ,
ताहर


कसंतीना, २१ एप्रिल

मख्लूफ,

उत्तर आलं नाही. फ्रान्सहून अल्जीरियाला येणारं टपाल कधी कधी महिना खातं, म्हणून मी त्याचा अर्थ काढत नाही.

तीन पिल्लं फुटली, दोन अंडी पोकळ निघाली. तुझ्या वहिनीनं, हद्दानं, त्या दिवशी तम्मीना केली. रवा भाजून त्यात लोणी आणि मध, वर दालचिनी, बाळ जन्मल्यावर करतात तशी. मी म्हणालो, "पाखरांच्या जन्माला?"

ती म्हणाली, "अरे माणसा, या घरात दुसरं कोण जन्मलंय? तोंड उघड आणि खा."

आम्ही दोघांनीच खाल्ली. शेजारी वाटली नाही.

चौथ्या दिवशी मादी घरट्यावरून उठली ती परत बसली नाही. कुणी म्हणतं गच्चीवर मांजर आलं असेल, कुणी म्हणतं पिंजऱ्यातल्या मादीला पहिल्या खेपेला आई होणं कळतच नाही. पहाटेच्या नमाजाला उठलो तेव्हा मी पाहिलं. तिन्ही गार. डोळे न उघडलेली, आतला दाणा बाहेरून दिसावा इतकी पातळ कातडी. हद्दानं त्यांना तळहातात घेतलं, दुसऱ्या हाताचं झाकण केलं आणि आत तोंडाची वाफ सोडत बसली. एकानं चोच उघडली.

"बघ, मागतंय! अरे, मागतंय, ऊठ!"

मी धावत जाऊन अंड्याचा बलक कालवून काडीच्या टोकावर घेऊन आलो. चोच तशीच उघडी होती. मी तीत बलक ठेवला. तो तिथेच राहिला.

सब्ज्याच्या कुंडीत पुरलं. हद्दानं हात धुतले आणि भाकरी थापायला बसली, आणि थापता थापता मला म्हणाली की पीठ आज गार लागतंय.

त्या कुंडीपाशी उभा असताना मला तू आठवलास. बाबांना माती देऊन आलो त्या संध्याकाळी तू शेखचा पिंजरा घेऊन गच्चीवर उभा होतास. "बाबांच्या नावानं सोडून देऊ, दादा." मी पिंजरा तुझ्या हातातून काढून घेतला. म्हणालो, पिंजऱ्यात वाढलेलं पाखरू आहे, बाहेर चार दिवस जगणार नाही. तू म्हणालास, "चार दिवस तरी जगेल." आणि त्याच आठवड्याच्या बोटीनं गेलास.

मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. पण गार पिल्लं हातात घेतल्यावर माणूस नको ते विचार करू लागतो. आपण कुणाला अडवून ठेवलंय म्हणून आपल्याला काय मिळत नाही, असं. देव असा हिशेब ठेवत नाही, हे मला माहीत आहे. मला ते पाठ आहे. तरी.

मादी पुन्हा काड्या गोळा करते आहे. खमीसी म्हणतो, यावेळी अंडी कॅनरीखाली ठेवा. कॅनरी मादी परक्याची पोरंही पोटच्यासारखी वाढवते. त्याची एक पिवळी मादी त्यानं पिंजऱ्यासकट आणून दिली. "ही बया दगड ठेवला तरी उबवेल," म्हणाला.

ताहर


कसंतीना, १७ मे

मख्लूफ,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं.

कॅनरीखाली चार अंड्यांतून तीन पिल्लं निघाली. तिनं त्यांना अशी वाढवली की बघत राहावं. मी गच्चीवरच्या खोलीत गेलो की तीन तोंडं वर, आत लाल, आणि ती बया एकेकाला भरवते आहे. हद्दा दिवसातून दहादा जिना चढायची. गुडघे दुखतात म्हणून जी महिनाभर गच्चीवर गेली नव्हती, ती.

मंडळाकडून कड्या आल्या. हलक्या धातूच्या, मळकट, आणि कापल्या ठिकाणी कडा खरखरीत. पिल्लाचा पाय काडीएवढा. मला ते बघवेना. तूच सांग, असला तुकडा आपल्या हातात आला तर आपण काय करतो? मी तिन्ही कड्या दुकानात नेल्या. आधी बारीक कानस, मग चाळलेली राख, मग लोकरीची चिंधी. बाबा म्हणायचे ना, दुकानातून वस्तू बाहेर जाताना तिच्यात गिऱ्हाइकाला आपलं तोंड दिसलं पाहिजे. तशा झाल्या. हद्दाला दाखवल्या तर ती म्हणाली, "माझ्या लग्नातले पैंजणसुद्धा असे नव्हते."

सकाळी बिस्मिल्ला म्हणून एकेकाच्या पायात घातल्या. पुढची तीन बोटं जुळवून, मागचं बोट पायाशी सपाट धरून, खमीसीनं दाखवलं होतं तशा. एकालाही ओरखडा गेला नाही. त्याचा मला अभिमान वाटला. मग दुकानात गेलो.

दुपारी आलो तर तिन्ही पिल्लं पिंजऱ्याच्या तळाशी.

दोन गेली होती. एक गरम होतं. मी ते उचलून घरट्यात ठेवलं आणि तिथेच उभा राहिलो. कॅनरी आली. मान वाकडी करून तिनं घरट्यात पाहिलं. कडी चोचीत धरली आणि ओढली. माझ्या डोळ्यांदेखत, कडीसकट, पायासकट, पोरासकट. काठावर आणलं आणि सोडून दिलं. मग परत जाऊन घरटं साफ आहे ना ते पाहिलं.

तिच्यात राग नव्हता, मख्लूफ. ती घर झाडत होती.

खमीसीला हाक मारली. त्यानं एक पिल्लू उचललं, उजेडात धरलं. म्हणाला, "सी ताहर, हे काय केलंत! पोरांच्या पायात आरसे बांधलेत?"

घरट्यात काही चकाकलं की मादीला ती पिल्लाची विष्ठा वाटते. ती उचलून बाहेर टाकते. त्याला पोर लटकलेलं आहे हे तिला कळत नाही. मी म्हणालो, "हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? कडी घासू नका म्हणून? अहो, जगात कोण घासतं कडी?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "तांबटाचं पोर. राहवलं नाही तुम्हाला."

हद्दा दोन दिवस वर आली नाही. मी कुंडीची माती उकरली तेव्हा पहिल्यांची काही खूण उरली नव्हती. इतकं थोडं असतं ते.

ताहर


कसंतीना, २० मे

मख्लूफ,

तुझं पत्र आज आलं. पाकिटावर सेंत-एतियनचा शिक्का २८ एप्रिलचा आहे. मधले दिवस ते कुठे पडून होतं, देव जाणे.

तू लिहिलं आहेस: "सहाव्या दिवशी, अंधार पडताना. आधी कडी मेणबत्तीवर धरून काळी कर. तू घासशील. घासू नकोस."

एवढंच. खाली नाव.

मी ते हद्दाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "समुद्रापलीकडून त्याला माहीत होतं. आणि मी इथे बसून पैंजणांचं कौतुक करत होते."

मला रडू आलं ते पिल्लांसाठी आलं की "तू घासशील" यासाठी, ते मी तपासत बसलो नाही.

मक्नीन मादीनं पुन्हा चार घातली आहेत. कॅनरी पुन्हा बसली आहे. तिला काहीच आठवत नसावं. तिच्यावर कृपा आहे.

ताहर


कसंतीना, १० जुलै

मख्लूफ,

जिवंत असलेल्या पाखराबद्दल लिहितो आहे. एकच आहे. या खेपेला दोनच फुटली, त्यातलं एक पहिल्या रात्रीच गेलं. दुसऱ्याची कडी मी मेणबत्तीवर धरून अशी काळी केली की माझी बोटं आठवडाभर धुपाटण्यासारखी दिसत होती. अंधार पडताना घातली. रात्रभर खोलीबाहेर बसलो. सकाळी ते घरट्यात होतं.

आता ते आपलं आपण दाणे फोडतं. हद्दा नाव ठेवू देत नाही. "नाव ठेवलंस की नजर लागते. नुसतं 'ते' म्हण." म्हणून ते.

मी त्याला दुकानात नेऊन शेखसमोर टांगलं आहे. त्याच्या कानावर दुसरं काही पडू नये म्हणून दुपारच्या नमाजापर्यंत हातोडा उचलत नाही. कल्हईची भांडी साठली आहेत. लग्नसराई तोंडावर आली, बायका दारात येऊन बोलतात. परवा एक म्हणाली, "सी ताहर, माझ्या कुसकुसच्या भांड्याला कल्हई होईस्तोवर पोरीला पोर होईल!" मी बोटानं गप्प राहायला सांगितलं, तर आणखीच चिडली. म्हणाली, "आता पाखरांचीही पडदानशीनी!"

आणि शेख, मख्लूफ! त्या पिल्लाला बघून तो म्हातारा ताठ झाला. सकाळी दोनदा गातो. तीन ठोके असे की मी ऐरणीकडे वळून बघतो. चौथा अजून नाही. पण तो तिथे थांबतो, मान पुढे करतो, जीभ हलवतो. येईल.

पिल्लू दुपारी फुगून बसतं आणि पुटपुटतं, झोपेत माणूस बोलतो तसं. काल त्या पुटपुटण्यात मला तीन ठोके ऐकू आले. हद्दाला बोलावलं. ती कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ते तुझ्या कानात आहे, पाखरात नाही." पण हसत होती.

तू कसा आहेस, ते विचारायचं राहिलं.

ताहर


कसंतीना, २ ऑगस्ट

मख्लूफ,

तेही गेलं.

पहिली पिसं बदलायच्या वेळी अशी जातात म्हणे. खात होतं. दिवसभर खात होतं आणि हातात घेतलं तर छातीचं हाड सुरीसारखं लागत होतं. पंख फुगवून, डोकं मागे खोचून बसायचं. खमीसीनं औषध आणलं, पाण्यात घातलं. कुणी म्हणालं भिजवलेलं बी आंबलं असेल, कुणी म्हणालं उष्मा. सगळे जण खरं बोलत असतील. शुक्रवारी नमाजाहून आलो तेव्हा ते अजून दांडीवर होतं. हद्दा समोर स्टुलावर बसून पंख्यानं वारा घालत होती. मला म्हणाली, "हळू बोल, झोपलंय." थोड्या वेळानं पडलं.

तिनं नंतर मला सांगितलं की तिनं त्याला मनातल्या मनात एक नाव ठेवलं होतं. कोणतं, ते मी विचारलं नाही.

एका लहान मुलाचं पाखरू मेलं होतं तेव्हा पैगंबरांनी, त्यांच्यावर शांती असो, त्याच्याजवळ बसून विचारपूस केली होती, असं आम्हाला गावच्या मदरशात शिकवलं. मुल्लासाहेब ते सांगताना हसायचे, आम्हीही हसायचो. आता मी पन्नाशीला आलो. मला कुणी विचारत नाही, आणि कहवाखान्यात हसतील म्हणून मीही सांगत नाही. तुला सांगतो.

शनिवारी मी शेखच्या पिंजऱ्यावरचं फडकं काढलंच नाही. म्हटलं, कुणासाठी. तो फडक्याआड गायला. तीन ठोके. थांबला. मग काही नाही.

पुढल्या वर्षी पुन्हा जोडी लावा, असं खमीसी म्हणतो. मादी आहे, पण शेखला पुढचं वर्ष नाही. त्याची पिसं गळायला लागली आहेत. आता तो गप्प होईल, आणि त्यातून उठून पुन्हा गाईल की नाही ते माझ्या हातात नाही. हे शिकणारं आता कुणी येणार नाही, मख्लूफ. मी ते मान्य केलं आहे, निदान दिवसा तरी. पण ऐकून ओळखणारे आपण दोघं अजून आहोत.

ये. तुला पिंजरा उघडायचा असेल तर त्यावर बोलू. मी तो तुझ्या हातातून हिसकावणार नाही.

ताहर


कसंतीना, ९ ऑक्टोबर

मख्लूफ,

तू सुखरूप पोचलास हे तार मिळाल्यावर कळलं. तुझी मफलर इथेच राहिली. हद्दा म्हणते, मुद्दाम विसरला, परत यायला निमित्त हवं म्हणून. आणि तिनं ती धुऊनही टाकली, वास गेला म्हणून मग स्वतःवरच चिडली.

तू होतास तोवर शेखनं चोच उघडली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. इतक्या लांबून तू आलास आणि तो पिसं पिंजारून, भिंतीकडे तोंड करून बसला. तू त्याच्यासमोर तोंड धुतलंस, जेवलास, डुलकी काढलीस. पिंजरा गच्चीवर नेलास, दार उघडून ठेवलंस, संध्याकाळपर्यंत शेजारी बसलास. तो दारापर्यंत आला, बाहेर पाहिलं आणि दांडीवर जाऊन बसला. खाली येताना पिंजरा तू उचललास.

पण दुकानातलं आपलं भांडण आठवून मला अजून हसू येतं. तू बाबांचा हातोडा उचललास आणि ऐरणीवर वाजवलास. तीन ठोके, आणि मग इतका वेळ गेला की मला वाटलं विसरलास, आणि मग हातोडा जणू हातातून निसटून पडावा तसा चौथा.

"चूक," मी म्हणालो. "थांबणं एका श्वासाचं, आणि चौथा जोरात. विचार पक्का झाला की ते ठोकून सांगायचे."

"दादा, तू सुट्टीत यायचास. मी त्यांच्या पायाशी वाढलो."

"आणि सहा वर्षं रोज सकाळी कोण ऐकतंय?"

"मग सांग की तुझ्या पाखराला, वाजव म्हणावं!"

असरच्या, दुपार कलल्यावरच्या, नमाजाची वेळ होईस्तोवर आपण आळीपाळीनं हातोडा हिसकावून घेत होतो. खमीसी दारात येऊन म्हणाला, "दोन म्हातारे, एक ऐरण, आणि भांडं एकही नाही. तुमचे बाबा थडग्यात कूस बदलत असतील." ज्याला खरं माहीत होतं तो वर पिंजऱ्यात गप्प बसला होता. पुढचे तीन दिवस तू येता-जाता तुझाच ठोका वाजवत राहिलास, मला चिडवायला.

आता ऐक. तुझी बोट सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात नमाजाआधीची वजू करत होतो, हात धूत होतो. पाणी कोपरापर्यंत आलं होतं. वरून पुटपुटल्यासारखा आवाज आला. गाणं म्हणावं असं नव्हतं, नुसतं गाण्याचं हाड. मी हात तसाच धरून उभा राहिलो. तीन ठोके. मग तो थांबला. इतका वेळ थांबला की माझ्या कोपरावरून पाण्याचे थेंब खाली पडलेले मला ऐकू आले. मग चौथा.

त्याला तो आतून आठवला, की तू तीन दिवस कानाशी वाजवलास म्हणून त्यानं उचलला, ते मला सांगता येणार नाही. एवढ्या वयात पाखरं नवीन काही घेत नाहीत, असं खमीसी म्हणतो. खमीसीला सगळं माहीत असतं.

त्यानंतर तो गायला नाही. काल सकाळी फडकं काढलं तेव्हा तळाशी होता, पाय वर, कागदाइतका हलका. सब्ज्याच्या कुंडीत ठेवला, बाकीच्यांजवळ. आज मी दुकान उघडल्याबरोबर हातोडा घेतला. आता कुणाला काय ऐकू येईल याची काळजी नाही. त्या बाईचं कुसकुसचं भांडं आधी काढलं.

मधे एकदा विचारात पडलो तेव्हा हात आपोआप ऐरणीवर गेला. तुझंच बरोबर होतं. चौथा उशिरा येतो, आणि हलका असतो.

दादा